कॅथलिक मतदाराने मत कसे ठरवावे?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

निवडणूक तोंडावर आली की ‘ख्रिस्ती मते कुणाच्या पारड्यात?’ अशी बातमी ठरलेली असते. तिच्यात एक गृहीतक असते : रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर फादर नाव सांगतात आणि पुण्यात कॅम्पापासून खडकीपर्यंत, वडगाव शेरीपासून चिंचवडपर्यंत सगळे कॅथलिक तेच बटण दाबतात. ही समजूत चुकीची आहे. पण ती बाहेरच्यांनी जेवढी पसरवली, त्याहून अधिक आपल्याच काही बांधवांनी पोसली आहे. ‘चर्चने एकदा स्पष्ट सांगावे, म्हणजे प्रश्न मिटला’ असे म्हणणारे प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायात, भेटतात. हे पत्र दोघांसाठीही आहे.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील चर्चविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्याच्या ७५व्या कलमात मतदान हा हक्क आहे आणि सर्वांच्या हितासाठी तो बजावणे हे कर्तव्य आहे, असे म्हटले आहे. लगेच पुढच्या कलमात चर्च कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेले नाही, हेही स्पष्ट केले आहे. ४३वे कलम तर आपल्याकडे फारसे कुणी वाचतच नाही. प्रापंचिक प्रश्नांवर प्रामाणिक श्रद्धावंतांची मते वेगळी होऊ शकतात आणि तशी झाली तर आपल्या मतासाठी चर्चच्या अधिकाराचा दावा कुणीही करू नये, असे ते सांगते. प्रत्येक प्रश्नाचे तयार उत्तर आपल्या धर्मगुरूंकडे असेल अशी अपेक्षा ठेवू नका, असेही तिथेच म्हटले आहे. कॅटेकिझम या चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाच्या २२४०व्या परिच्छेदात कर भरणे, मतदान करणे आणि देशाचे रक्षण करणे ही तिन्ही नैतिक कर्तव्ये एकाच ओळीत बसवली आहेत. त्यामुळे मतदानाची सुट्टी लोणावळ्यात घालवणे हा आपल्या दृष्टीने केवळ आळसाचा मामला राहत नाही. २०१९ च्या लोकसभेला पुण्यातले मतदान पन्नास टक्क्यांच्या आत राहिले होते, त्यात आपलाही वाटा असणारच.

धर्मगुरूंचे काय? १९८३ च्या चर्च कायद्यातील २८५वे कलम त्यांना सत्तेचे सार्वजनिक पद घेऊ देत नाही. २८७वे कलम पक्षात सक्रिय होऊ देत नाही. देशाचा कायदाही इथे कडक आहे. लोकप्रतिनिधी कायदा, १९५१ च्या १२३व्या कलमानुसार, अमक्याला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल किंवा धार्मिक शिक्षा होईल असे मतदाराच्या मनात भरवणे हा भ्रष्ट मार्ग ठरतो. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याच कलमाचा अर्थ रुंद केला : उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येत नाही. शिवाय १९८८ च्या धार्मिक संस्था गैरवापर प्रतिबंध कायद्यानुसार चर्चचे आवार राजकीय प्रचारासाठी वापरू दिले, तर व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ‘फादरनी नाव सांगावे’ ही मागणी चर्चच्या शिकवणीलाही धरून नाही आणि कायद्यालाही.

मग ठरवायचे कसे? इथे नेमका घोटाळा होतो. व्हॉट्सॲपवर अमेरिकेतून आलेली एक यादी फिरते : या चार-पाच गोष्टींवर तडजोड नाही, ज्या पक्षाची भूमिका याविरुद्ध त्याला मत दिले तर महापाप. यादीतली तत्त्वे खोटी नाहीत. गर्भपात आणि दयामरण ही मुळातच वाईट कृत्ये आहेत, ती कोणत्याही हेतूने चांगली होत नाहीत, ही चर्चची ठाम शिकवण आहे आणि ती सौम्य करण्याचा अधिकार कुणाला नाही. अडचण आहे ती यादी पुण्याच्या मतदानयंत्रावर जशीच्या तशी चिकटवण्यात. अमेरिकेत दोन मोठे पक्ष या प्रश्नावर समोरासमोर उभे असतात. आपल्याकडे १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि काही गटांतील स्त्रियांसाठी मुदत वीसवरून चोवीस आठवडे करणारी २०२१ ची दुरुस्ती हा निवडणुकीतला झगड्याचा विषयच झाला नाही. त्या यादीच्या चाळणीत सगळे उमेदवार एक तर खाली पडतात किंवा सगळेच वर राहतात. मग माणूस वैतागून पुन्हा जात, ओळख आणि पाकीट याच वाटेने जातो.

यादीपेक्षा तिच्यामागची विचारपद्धत उपयोगी आहे. २००४ मध्ये कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, जे पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले, यांनी अमेरिकेच्या बिशपांना पाठवलेल्या टिपणात ती थोडक्यात आली आहे. उमेदवाराची वाईट भूमिका आवडते म्हणूनच त्याला मत दिले, तर मतदार त्या दुष्कृत्यात हेतुपूर्वक सहभागी होतो. हे कधीच चालत नाही. ती भूमिका अमान्य आहे, पण दुसऱ्या कारणासाठी त्याला मत दिले, तर तो दूरचा सहभाग ठरतो, आणि तोलामोलाचे कारण असेल तरच तो क्षम्य असतो. सारा भार ‘तोलामोलाचे’ या शब्दावर आहे. आपल्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता होणे हे द्वेष पसरवणाऱ्या माणसाला निवडून देण्याचे तोलामोलाचे कारण होऊ शकत नाही.

पुण्यातले उदाहरण घेऊ. एक उमेदवार उघडपणे एका समाजाविरुद्ध भडकवणारी भाषणे करतो आणि ती भाषणे आवडतात म्हणून मत दिले, तर तो पहिला प्रकार. ख्रिस्ती उमेदवाराच्या बाबतीतही हेच लागू. दुसरा उमेदवार कामाचा आहे, पण त्याच्या पक्षाचे एखादे धोरण आपल्याला पटत नाही, आणि ज्या पदासाठी तो उभा आहे त्या पदाचा त्या धोरणाशी संबंध नाही, तर तो दुसरा प्रकार. तोलताना चार गोष्टी बघाव्यात : हानी किती गंभीर आहे, ती होण्याची शक्यता किती, या पदाला ती घडवण्याचा किंवा रोखण्याचा अधिकार आहे का, आणि समोर पर्याय कोण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आशिया दौऱ्याहून परतताना पोप फ्रान्सिस यांना अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी नाव घेतले नाही. मत द्यावे, कमी वाईट निवडावे, आणि ते कोणते हे प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकाने ठरवावे, एवढेच ते म्हणाले. सदसद्विवेक म्हणजे मनाला येईल ते नव्हे. कॅटेकिझमनुसार तो घडवावा लागतो, आणि माहिती मिळवण्याची तसदीच घेतली नाही म्हणून निर्णय चुकला, तर दोष माणसाच्या अंगी लागतो.

तिसरा मुद्दा, पदाचा अधिकार, आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. नगरसेवकाला मृत्युदंडाबद्दल विचारून उपयोग नाही. तो प्रश्न खासदाराला विचारा. २०१८ पासून चर्चने मृत्युदंड अस्वीकार्य मानला आहे, हे विचारताना लक्षात असू द्या. दलित ख्रिस्ती बांधवांचा प्रश्नही संसदेचाच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदामुळे त्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शीख समाजासाठी १९५६ मध्ये आणि बौद्धांसाठी १९९० मध्ये तो आदेश दुरुस्त झाला, ख्रिस्ती आणि मुस्लिम तसेच राहिले. पुणे आणि नगर भागातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी हा पुस्तकी विषय नाही. लोकसभेच्या उमेदवाराला यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यायला लावले पाहिजे. ‘बघू, अभ्यास करू’ हे उत्तर ‘नाही’च्या रकान्यात लिहावे.

महापालिकेचे प्रश्न वेगळे, आणि माझ्या मते तिथेच आपली शिकवण सर्वांत जास्त कामाला येते. जन्माला न आलेल्या बाळाच्या रक्षणाचा विषय महापालिकेत येत नाही, असे अनेकांना वाटते. तो येतो. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा शहरात राबवण्याची यंत्रणा महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी, तपासणी आणि दोषी केंद्रांवर कारवाई हे तिचे काम. उमेदवाराला विचारा : आपल्या प्रभागात अशी केंद्रे किती, तपासणी शेवटची कधी झाली, याचा हिशेब तुम्ही सभागृहात मागाल का? मुलगी आहे म्हणून गर्भ पाडला जातो, तिथे चर्चची शिकवण आणि देशाचा कायदा एकाच बाजूला उभे आहेत, आणि तरीही आपण हा प्रश्न विचारत नाही. त्याच दमात महापालिकेची प्रसूतिगृहे आणि तिथे डॉक्टर रात्री असतात का, हेही विचारावे. गर्भाचे रक्षण म्हणायचे आणि बाळंतिणीला वाऱ्यावर सोडायचे, हे चालणार नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये हेच बजावले होते : गर्भातल्या जीवाचे रक्षण ठामपणे करा, आणि जन्मलेल्या गरिबाचे, वृद्धाचे, पिळवणूक होणाऱ्याचे जीवनही तितकेच पवित्र माना.

दुसरा प्रश्न श्रमाचा. १८९१ च्या परिपत्रकात पोप तेरावे लिओ यांनी सांगितले की मजुरी केवळ करारावर ठरत नाही, कामगाराला नीट जगता येईल एवढी ती असलीच पाहिजे. पुण्यात याचा अर्थ कंत्राटी सफाई कामगार. ठेकेदार किमान वेतन पूर्ण देतो का, भविष्य निर्वाह निधी भरतो का, हातमोजे-गमबूट खरोखर मिळतात का, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये माणूस उतरवला जातो का? हाताने मैला साफ करायला लावण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार कोणत्या अटींवर करावा, याबद्दल उमेदवाराचे मत काय? आणि तो कचरा शेवटी कुठे जातो? उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराची घाण वर्षानुवर्षे सोसली. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या पर्यावरणविषयक परिपत्रकात गरिबांचा आक्रोश आणि धरणीचा आक्रोश एकच मानला आहे, तो इथून ऐकू येतो. मुळा-मुठेच्या पाण्याबद्दल वेगळे काय सांगू?

तिसरा प्रश्न, निर्णय कोण घेतो हा. पोप अकरावे पायस यांच्या १९३१ च्या परिपत्रकात एक तत्त्व आले आहे : खालच्या पातळीवर होऊ शकते ते काम वरच्याने हिरावून घेऊ नये. २०१७ नंतर पुण्यात महापालिकेची निवडणूक थेट २०२६ मध्ये झाली आणि मार्च २०२२ पासूनचा मधला सगळा काळ प्रशासकाच्या हाती गेला. या तत्त्वाच्या दृष्टीने तो मोठा अन्याय होता, आणि आपण कॅथलिकांनी त्याबद्दल फारसा आवाज केला नाही, याची खंत वाटते. २००६ पासून पुण्यात नागरिकांना अंदाजपत्रकात कामे सुचवता येतात. आपल्या नगरसेवकाने त्यासाठी बैठक घेतली का, हे विचारण्यासारखे आहे. दफनभूमीच्या जागेचा प्रश्नही खराच आहे, तोही विचारावा, पण शेवटी. पहिला आणि एकमेव प्रश्न तोच असला, तर उमेदवाराच्या लक्षात येते की या मंडळींना आपल्यापुरतेच हवे आहे.

आता पाकिटाचे. ‘पैसे घ्या, मत मात्र हवे त्याला द्या’ हा सल्ला चलाखीचा वाटतो, पण तो नीतीला धरून नाही. मतासाठी दिलेला पैसा घेणे म्हणजे भ्रष्टाचाराच्या व्यवहारात एक बाजू होणे. कॅटेकिझमने सातव्या आज्ञेखाली भ्रष्टाचार नोंदवला आहे, आणि भारतीय न्याय संहितेत देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत. साडी, मिक्सर, जेवणावळ, यात्रेची बस यांनाही हेच लागू. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे सामुदायिक लाच : चर्चच्या आवारात पेव्हर ब्लॉक, सभागृहावर पत्रे, तरुण मंडळाला क्रिकेटचे साहित्य. कुणाच्या खिशात काही जात नाही, म्हणून मनाला टोचत नाही. पण मताच्या बदल्यात दिले असेल, तर ती लाचच. आचारसंहिता लागल्यावर आलेली प्रत्येक देणगी धर्मग्राम समितीने परत पाठवावी आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी.

काही ठिकाणी पैसे देताना शुभवर्तमानावर किंवा क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. साधी, भाविक माणसे, विशेषतः वयस्कर स्त्रिया, त्या शपथेला घाबरतात. चर्चचा कायदा इथे अगदी स्पष्ट आहे : धाकाने किंवा फसवून घेतलेली शपथ रद्दबातल असते, आणि सार्वजनिक हिताला बाधा आणणाऱ्या कृतीला शपथेने कोणतेही बळ येत नाही. अशी शपथ पाळायची नसते. मतदान गुप्त आहे, यंत्राशी तुम्ही एकटे असता. पैसे घेतलेच असतील तर पापनिवेदनात ते सांगावे आणि पैसा जवळ ठेवू नये. परत करणे धोक्याचे असेल तर तो गरिबाच्या कामी लावावा. लोकसभा आणि विधानसभेच्या वेळी निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकून नाव न देताही तक्रार करता येते, शंभर मिनिटांत तिची दखल घेण्याची व्यवस्था आहे.

उमेदवाराने अर्जासोबत दिलेले प्रतिज्ञापत्र वाचणे हा सदसद्विवेकाच्या घडणीचा भाग मानावा. त्यात गुन्ह्यांचा रकाना असतो, पण नुसती संख्या बघून माणूस ठरवू नये. बेकायदा जमावात सामील झाल्याचे किंवा सरकारी आदेश न मानल्याचे खटले, जुन्या दंडविधानातील १४३ आणि १८८, आंदोलने करणाऱ्यावर असतातच, कधीकधी ते त्याच्या बाजूचेच प्रमाणपत्र असते. खंडणी ३८४, विनयभंग ३५४, दोन समाजांत वैर पसरवणे १५३-अ, ही कलमे वेगळ्या जातीची. जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत त्यांचे क्रमांक अनुक्रमे ३०८, ७४ आणि १९६ असे बदलले आहेत, त्यामुळे दोन्ही बघावे लागतात. आरोप निश्चित झाले आहेत का, तेही पाहा. मग मालमत्ता : मागच्या निवडणुकीतले प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा आणि वाढ त्या माणसाच्या सांगितलेल्या उत्पन्नात बसते का, तपासा. सरकारी थकबाकी सहसा कुणी पाहत नाही, पण स्वतःची देणी थकवणारा उमेदवार तिथेच सापडतो.

महापालिकेला बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेचा निर्णय वेगळा असतो. ‘पॅनल टू पॅनल’, म्हणजे एकाच पक्षाच्या चौघांना, मारणे सोपे, पण त्यात तीन चांगल्यांच्या मागे चौथा लपून जातो. चार नावे आधी कागदावर लिहून चारदा विचार करावा. एखाद्या जागेवर खरोखर कुणीच योग्य नसेल तर त्या जागेपुरता ‘नोटा’ आहे. लोकसभा-विधानसभेत ‘नोटा’मुळे निकाल बदलत नाही, म्हणून तिथे तो शेवटचा उपाय समजावा. राज्यातील स्थानिक निवडणुकांत मात्र २०१८ च्या राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशानुसार ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी लागते. मत न देणे आणि ‘नोटा’ दाबणे यांत हा फरक आहे.

धर्मग्रामात काय करता येईल? बरेच काही. नवे नाव नोंदवायला नमुना ६ आणि पत्ता बदलायला नमुना ८ भरून द्यायला तरुणांनी मदत करावी, कारण भाड्याची घरे बदलणाऱ्यांची नावे जुन्याच भागात अडकून राहतात. मिस्सातल्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत सर्व उमेदवारांसाठी आणि मतदारांसाठी प्रार्थना व्हावी, कुणाचे नाव किंवा पक्षाची खूण पटेल असा शब्द नको. कोणत्याही उमेदवाराला वेदीजवळ उभे करून सत्कार नको, तो कॅथलिक असला तरी नको. धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर प्रचाराचा संदेश आला तर गटचालकाने तो लगेच काढावा, कारण फादरांचा फोटो असलेल्या गटावरचे मत लोकांना चर्चचे मत वाटते.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. मतदानाच्या निदान आठवडाभर आधी, प्रत्येक प्रभागातील सगळ्या उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांतील चार रकाने एका तक्त्यात छापावेत : प्रलंबित खटल्यांची कलमे मराठी अर्थासह, आरोप निश्चित झाले की नाही, मागच्या वेळेपासून मालमत्तेत झालेली वाढ, आणि सरकारी थकबाकी. शक्यतो रविवारच्या अंकात, म्हणजे घरातली सगळी माणसे एकत्र बसून तो वाचू शकतील.

आपला,
एक कॅथलिक धर्मशिक्षक,
वानवडी, पुणे